अप्पांनी विचारलं तेव्हा

आमच्या शाळेतल्या कदमबाईंची मुलगी यंदा सुट्टीत एका डॉक्टरांबरोबर बसायला जाते आहे. दहावीचा निकाल लागायचाय, तोवर. सकाळी पांढरा कोट घालून, केस घट्ट बांधून स्कूटीवरून निघते. "त्याला शॅडोइंग म्हणतात," कदमबाई कौतुकानं सांगत होत्या. "डॉक्टरांच्या मागं मागं राहायचं, सगळं बघायचं. चांगलंय ना हो?" मी म्हटलं, चांगलं आहे की. आमच्या वेळी त्याला काही नाव नव्हतं. "शेखबाईंकडं बसायला जाते," एवढंच आई शेजारणींना सांगायची, तेही जरा जास्तच मोठ्यानं.

यंदाचा उन्हाळा अगदी त्या वर्षीसारखा निघाला आहे. मागच्या पावसाळ्यानं नुसतं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. आता बीडच्या आमच्या गल्लीत नळ कधी येणार यावर बायकांच्या पैजा लागतात. दारोदार निळे ड्रम मांडलेले. बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू भिजत नाही. अशा दिवसांत मला एक खोड लागते. कुणी तांब्यानं घटाघटा पाणी पिताना दिसलं की मी बघत राहते, आणि एखादी तरुण मुलगी पाहुणी म्हणून आलेली असताना पाण्याला "नको" म्हणाली की माझं डोकंच फिरतं. "नको काय, पी गुमान," असं मी परक्या पोरींनाही म्हटलेलं आहे. त्या घाबरून पितात. मास्तरीण आहे, रागावली असेल, असं त्यांना वाटतं.

माझं माहेर वडवणीचं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. बाजारच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतलं माणूस एकदा तरी आमच्या फळीसमोरून जाणारच. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात बंडी, आणि कानावर पेन्सिल अडकवलेली, असे अप्पा. दुकान हा धंदा. जीव सगळा सोयरिकी जुळवण्यात. गुळाची ढेप फोडता फोडता ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "थोरलीचं कसं काय चाललंय? बघायचं का मग?" आमच्या लोकांत, पार परळीपासून बीडपर्यंत, अप्पांनी घातलेली सोयरीक म्हणजे बिनखोट, असं मानत. अप्पांना त्याचा फार अभिमान होता, आणि मला अप्पांचा.

त्यांची एक रीत होती. पोरीची चौकशी करायला ते गावात जायचे तेव्हा "पोरगी कशी हाय?" असं कधी विचारत नसत. शेजारच्याकडे बसायचे, चहा घ्यायचे, आणि सहज म्हणायचे, "ते पलीकडचं घर आपल्या ध्यानात हाय." आता दुसऱ्याच्या लेकीबद्दल वाईट बोलायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. म्हणून सगळं नीट असेल तर माणूस लगेच बोलायला लागतो, "लई गुणाची पोरगी हाय, डोळे झाकून करा." आणि खोट असेल तर तो वाईट बोलत नाही. तो गप्प बसतो. नाहीतर पावसापाण्याचं काढतो. अप्पा तेवढ्यावर कप खाली ठेवून उठायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "मिळालं उत्तर." लहानपणी मी त्यांच्याबरोबर कितीदा तरी गेले आहे. बिस्किटाच्या आशेनं जायचे, पण हे सगळं बघत होते. मला ही रीत माहीत नव्हती, असं मी म्हणू शकत नाही. ती सोय मला नाही.

शेखबाई वडवणीत नव्या आलेल्या डॉक्टर. उंच, सावळ्या, पायात नेहमी चपलेऐवजी बूट. त्यांचा दवाखाना खरेदी-विक्री संघाच्या गाळ्यात होता. ते सहकाराचे दिवस होते. दूध सहकारी, बँक सहकारी, कारखाना सहकारी. बाजारात जी इमारत जरा बरी दिसेल तिच्यावर कुठल्यातरी संघाची पाटी. शेजारच्या गाळ्यात खताची पोती, त्यामुळे दवाखान्यात डेटॉलच्या आधी युरियाचा वास यायचा. पण त्या वर्षी बी न्यायला कोण येतंय आणि खत न्यायला कोण येतंय? संघाचा मोठा काटा व्हरांड्यात तसाच पडून होता आणि पेशंट त्याच्या फळीवर पाय मुडपून नंबराची वाट बघत बसायचे.

बाई साबुदाणा घ्यायला दुकानात आल्या असताना अप्पांनी विचारलं, "पोरीला डॉक्टर व्हायचंय म्हणती. जरा बसवून घ्या की तुमच्याकडं. रक्त बघून चक्कर येते का, तेवढं तरी कळंल." बाई हसून म्हणाल्या, "पाठवा." आईनं अप्पांच्या जुन्या सदऱ्याच्या बाह्या कापून मला ॲप्रन शिवला. त्याला अप्पांच्या पेन्सिलचा खिसा तसाच होता. तो घालून मी बाजारातून चालत गेले तेव्हा मला वाटलं, सगळी वडवणी माझ्याकडेच बघते आहे. बघतही असेल. दिसत असणार मी बुजगावण्यासारखी.

कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल माझं. थर्मामीटर झटकायचं, बॅटरी धरायची, पट्टीचं टोक दाबून ठेवायचं. आलेला प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघायचा. "ही कुणाची?" "अप्पाची धाकटी." "आगं मग दुकान सोडून हितं कावून बसलीस?" मग बाई, "जीभ दाखवा." त्या उन्हाळ्यात दुखणी सगळी एका जातीची होती. मूतखडे, जुलाब, ऊन लागलेलं, डोकं धरलेलं. बाई प्रत्येकाला शेवटी सांगायच्या, "पाणी भरपूर प्या. उकळून, गार करून प्या." लोक मान हलवायचे. एकदा एक म्हातारबा उठता उठता म्हणाले, "बाई, गोळ्या तुमी लिहून देता, पाणी बी लिहून द्या की. टँकरवाल्याला दाखवतो." बाईंना हसू आलं, मलाही. म्हातारबा मात्र हसत नव्हते.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला सांगितलं होतं, "हे बघ बेटा, इथं ऐकलेलं उंबऱ्याच्या बाहेर न्यायचं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, कुणाला नाही. हे जमणार असेल तर बस." मला तर मंत्रच मिळाला! घरी आई विचारायची, "पाटलाची सून आल्ती म्हणं, काय झालं तिला?" मी म्हणायचे, "सांगता येत नाही." आई चिडायची. "मोठी आली गुपितं राखणारी! काल नाक पुसायचं कळत नव्हतं." मी भांडी विसळताना सुद्धा पोक्त तोंड करून विसळायचे. काय सांगू, मला ते फार आवडत होतं. आख्ख्या बाजाराचं दुखणं आपल्याला ठाऊक आणि आपण बोलत नाही, याच्याइतकं थोर वाटायला लावणारं दुसरं काही तोवर माझ्या आयुष्यात आलं नव्हतं.

आणि मग संगीता आली.

संगीता लिंबागणेशची. बारावी झालेली, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. वडवणीला मामाकडे येऊन राहिली होती, कारण तिकडे विहिरींनी तळ दाखवला होता आणि दुसरं म्हणजे अप्पा तिची सोयरीक जुळवत होते. मुलगा केजकडचा, कारखान्यात कारकून, कायम झालेला. त्या वर्षी ऊस नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटला नव्हता, तरी कायम तो कायम. दुष्काळात असा मुलगा म्हणजे लॉटरीच. त्यानं तिला पाहिलं होतं, पसंत केलं होतं. तीही दुकानात आली की उगाच केजच्या गाडीची वेळ विचारायची आणि अप्पा मिशीत हसायचे. नाकात मोरणी, बोलायला गोड, हसायला लागली की थांबायची नाही. मला ती "डॉक्टरीणबाई" म्हणायची. "डॉक्टरीणबाई, या सदऱ्याला बाह्या कावून न्हाईत? पेशंटनं पळवल्या का?"

त्या दिवशी बाजार होता. मामी भाजीच्या घासाघिशीत गुंतली आणि संगीता एकटीच आत आली. मला बघून जरा अडखळली, मग हसली आणि बसली. बाईंच्या कानाशी हळू बोलली, पण गाळा केवढासा, मला सगळं ऐकू आलं. लघवीला जळजळ. थेंब थेंब होते, आग होते. बाईंनी विचारलं, "पाणी किती पितेस?" संगीता म्हणाली, "मामीला लांबून आणावं लागतंय बाई. पाहुण्याच्या घरी किती प्यायचं?" आणि शिवाय बाहेर जायचं ते पहाटे, उजाडायच्या आत. मधे लागली तर दाबून धरायची. म्हणून पाणीच प्यायचं नाही, म्हणजे भानगड नाही.

"उन्हाळी लागलीय, दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली, धन्याचं पाणी प्यायला सांगितलं आणि दटावलं, "लाजत बसलीस तर किडनीपर्यंत जाईल." संगीता उठली, जाता जाता माझी वेणी ओढली, आणि पदराआड बाटली धरून बाजारात शिरली. तेवढंच. एवढं साधं दुखणं होतं ते. त्या महिन्यात निम्म्या बायकांना तेच होतं.

पण संघाच्या व्हरांड्यातून उतरताना तिला मुलाच्या मावशीनं पाहिलं. लग्न ठरत असलेली मुलगी, एकटी, दवाखान्यातून, पदराआड काहीतरी घेऊन. मावशी तडक आमच्या दुकानात.

मी दुपारी जेवायला घरी आले होते. दुकानाच्या मागंच घर. अप्पा पाटावर, मी त्यांच्या समोर, आई भाकरी थापत होती. अप्पांनी भाकरी मोडली आणि सहज विचारलं, "संगीता आल्ती का गं दवाखान्यात?"

मी मान हलवली. आल्ती म्हणून.

"काय होतंय तिला?"

मी गप्प.

अप्पा थांबले. आईचा हात परातीत थांबला. अप्पांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात एक प्रकारची विनवणी होती, ती मला आजही ऐकू येते. "बारीकसारीकच आसंल ना? ताप-बीप?"

मी ताटात बघत होते. पिठलं होतं. त्यावर साय धरायला लागली होती. मी काहीच बोलले नाही.

"बरं," अप्पा म्हणाले. मग आईकडे वळून, "टँकर कुठपर्यंत आला म्हणत होते?"

मी पुढं सगळ्यांना, स्वतःलाही, हेच सांगत आले की मी बाईंचा नियम पाळला. शब्द दिला होता, मोडला नाही. ऐकणाऱ्याला ते पटतं. काही जण तर कौतुक करतात, एवढ्याशा वयात केवढा निग्रह! पण खरं ते वेगळंच आहे. अप्पांनी विचारलं त्या क्षणी माझ्या डोक्यात नियम नव्हताच. माझ्या डोक्यात तो शब्द होता. वडलांसमोर, जेवताना, लघवी हा शब्द कसा उच्चारायचा? आमच्या घरात बायकांना कमरेखालचं शरीर नव्हतंच म्हणा ना. अंगावरचं, बाहेरचं, पोटातलं, असं काहीतरी पुटपुटून आई वेळ मारून न्यायची. मी तर तेवढंही शिकले नव्हते. माझे कान लाल झाले, आणि दोन घास गेल्यावर मला नियम आठवला. आठवला तेव्हा किती बरं वाटलं! लाजेला एकदम तत्त्वाचा सदरा मिळाला. मी मान ताठ केली.

"ताप होता" म्हटलं असतं तरी भागलं असतं. "काही नाही अप्पा, ऊन लागलं" म्हटलं असतं तरी. नियमही राहिला असता आणि लाजही. समोर बसलेल्या माणसाला गप्प बसण्याचा एकच अर्थ माहीत होता, आणि तो मला पुरता ठाऊक होता. अप्पांनी त्या दुपारी ताट अर्धवट सोडलं. त्यांना संगीता आवडायची.

अप्पा वाईट कुणाला काही बोलले नाहीत. त्यांच्या सोयरिकीचं नाव बिनखोट होतं आणि ते त्यांना राखायचं होतं. मावशीनं पुन्हा विचारल्यावर ते म्हणाले, "तुमी तुमचं बघून घ्या, मी मधी न्हाई." झालं! अप्पा मधी न्हाईत, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मामानं येऊन विचारलं तेव्हा अप्पांनी त्याला मात्र सरळ सांगितलं, "माझी पोरगी तिथं बसती. तिला विचारलं. ती काही बोलली न्हाई."

मग लोक बोलायला लागले. न बोललेल्या गोष्टीला माणसं आपापल्या मनातलं दुखणं लावतात. कुणी म्हणालं आकडी येते. कुणी म्हणालं पोटात गाठ आहे. दुकानात साखर बांधताना मी माझ्या कानानं ऐकलं, "टीबी हाय म्हणं." नारायणगडाला जाऊन आलेल्या एका बाईनं तर तिथं दर्शनाच्या रांगेत ऐकलेलं काहीतरी इतकं घाण सांगितलं की आईनं तिला फळीवरून खाली उतरवलं. आणि मी? मी पुड्या बांधत होते. आता बोलले असते तर, आधी का नाही बोललीस, असं विचारलं असतं. मग परत तो शब्द. म्हणून मी दोरा गुंडाळत राहिले.

शेखबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पेशंट संपेपर्यंत वाट पाहिली आणि मला समोर बसवलं. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, मी एक शब्द बोलले नाही. देवाशप्पथ." त्या शाबासकी देतील अशी माझी खरोखर समजूत होती. बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, मी परकी बाई. तुमच्याकडं गप्प बसण्याचा अर्थ काय होतो, हे मला काय माहीत? तुला माहीत होतं ना? मग मला विचारायचं तरी होतंस, की बाई, अशा वेळी मी काय करू?" त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

त्या तशाच उठल्या आणि आमच्या दुकानात गेल्या. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, म्हणाल्या, "अप्पा, ती मुलगी ठणठणीत आहे. मी डॉक्टर म्हणून सांगते, तिला काहीही झालेलं नाही." केवढा मोठेपणा! पण त्यानं उलटंच झालं. दुपारपर्यंत बाजारभर झालं की खुद्द डॉक्टर सांगायला आली, म्हणजे प्रकरण केवढं मोठं असेल बघा. साध्या दुखण्याला डॉक्टर कशाला दुकान चढते? अप्पांचा मात्र बाईंवर विश्वास बसला. ते त्याच दिवशी गाडी धरून केजला गेले. परत आले ते दुकान उघडून बसले. मुलाकडच्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली होती.

संगीता लिंबागणेशला परत गेली. दोन उन्हाळे गेले, तिचं काही जमेना. शेवटी परभणीकडे दुसरेपणावर दिली. नवऱ्याला आधीचा लहान मुलगा. त्या लग्नाला अप्पा गेले नाहीत, मीही गेले नाही. ॲप्रन मी धुऊन ट्रंकेत ठेवला आणि दवाखान्यात जाणं आपोआप थांबलं. लोकांना वाटतं, मी डॉक्टर झाले नाही ते या सगळ्यामुळे. कसलं काय! बारावीला मार्क पडले नाहीत. पश्चात्तापावर ढकलायला मला आवडलं असतं, पण फिजिक्समध्ये मी खरंच कच्ची होते.

अप्पांनी मला कधी जाब विचारला नाही. फक्त सोयरिकी घालणं कमी कमी केलं. कुणी फार गळ घातली तर म्हणायचे, "आता पोरांनीच बघून घ्यावं. आपल्याला कळतंय असं वाटतं, पण न्हाई कळत." ते हे म्हणताना मी समोर असले तर मी आत निघून जायचे. एवढ्या वर्षांत एकदाही मला त्यांना सांगता आलं नाही, की अप्पा, मला फक्त लाज वाटली होती. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते आणि तेव्हासुद्धा हेच ओठावर होतं. पण उशाशी भाऊ होता, भावजय होती, आणि शब्द तोच होता.

गेल्या आठवड्यात बीडला एक लग्न होतं, आमच्या नात्यातलंच. कार्यालयाच्या दारात पाण्याचा टँकर उभा, आत कुलर लावलेले आणि कुलरला पाणी नाही. मी जेवणाचं ताट घेऊन कडेच्या खुर्चीवर बसले, तर शेजारी एक बाई येऊन बसली. अंगानं भरलेली, केस पिकलेले, नाकात तीच मोरणी. संगीता. मी उठूनच उभी राहणार होते, तिनं दंड धरून बसवलं.

बरंच बोलली. नवरा चांगला निघाला. सावत्र मुलगा आईच म्हणतो, त्याला आता दोन पोरं. तिची स्वतःची सोनी, तिचंही लग्न झालं. मी "हो का, वा वा" करत होते आणि ताटातला भात नुसता कालवत होते. कारण मला ठाऊक होतं, आज ती विचारणार. इतकी वर्षं मी मनात उत्तर तयार केलेलं होतं. माफीचं, चांगल्या भाषेतलं. मराठी शाळेत शिकवते ना मी.

तिनं ताट मांडीवर ठेवलं. "शैले, एक विचारू का? आता अप्पाबी न्हाईत. आता तरी खरं सांग."

"विचार."

"मला त्या वक्ताला काय झालतं गं?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे खरं काय निघालतं? बाई मला म्हणल्या, काही न्हाई. त्या तर समद्यांनाच काही न्हाई म्हणायच्या. तुला ठाऊक हुतं, म्हणून तर तू अप्पापुढं गप बसलीस. मामानं सांगितलं मला. मग बाई सोता दुकानात गेल्या. मी तवाच वळखलं, कायतरी लई वंगाळ आसंल, म्हणून समदे माझ्यापासून लपवायलेत." ती हळू, शांत बोलत होती, जसं बाजारभाव सांगावा. "सोनीच्या येळंला पोटात कळा आल्या, तवा म्हणलं, निघालं ते. दुसरं होऊच दिलं न्हाई मी. भ्या वाटायचं, त्याला लागायचं माझं काय आसंल ते. अजूनबी कुठं जरा दुखलं की वाटतं, हेच का ते?"

माझं चांगल्या भाषेतलं उत्तर कुठल्या कुठे गेलं. "अगं नाही," मी म्हटलं. "काहीच नव्हतं, संगीता. पाणी कमी पीत होतीस म्हणून उन्हाळी लागली होती. लघवीची जळजळ. औषधानं बरी झालीस, संपलं. मी तिथंच होते. दुसरं काही, काहीसुद्धा नव्हतं."

"मग तू गप कावून बसलीस?"

"अप्पांपुढं तो शब्द काढायची लाज वाटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी रागाची वाट बघत होते. तेवढ्यात तिकडे बँड सुरू झाला, आणि ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "परत सांग. बँडचं ऐकू येईना. मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. उन्हाळी लागली होती तुला, लघवीला जळजळ होती, बाकी काही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्यांनी माना वळवून बघितलं, एका वाढप्यानं पळी तशीच धरली. मी आणखी एकदा सांगितलं.

संगीतानं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसते आहे की काय, असं क्षणभर वाटलं मला, ती हसायला लागली की थांबत नसे. मग तिनं पदर काढला आणि म्हणाली, "सारा जलम भ्यायले की गं मी, शैले."